गोव्यातला मिथेन नेमका कुणाचा? समस्थानिकांवरून स्रोत शोधण्याची पहिली पायरी ते शेवटची

चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, ओहोटीच्या वेळी चिखलात बांबू खुपसला की आधी काहीच होत नाही. मग दोन-चार क्षणांनी बुडबुडे वर येऊ लागतात आणि नाकाला सडक्या अंड्यांचा वास येतो. वास हायड्रोजन सल्फाइडचा. पण त्याच बुडबुड्यांत, स्वतःला कसलाच वास नसलेला, मिथेनही असतो. १७७६ साली आलेस्सांद्रो व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी काठीने गाळ ढवळून हाच वायू बाटलीत धरला होता. आपली सुरुवातही तिथूनच होते, फक्त पुढचा प्रश्न वेगळा आहे: पणजीच्या हवेत आज पहाटे जो जास्तीचा मिथेन सापडला, तो खाजनाचा, गाईंचा, कचऱ्याचा, सेप्टिक टँकचा की पाइपातल्या गॅसचा?

मी हे काम सुरू केलं तेव्हा वाचायला शोधनिबंध भरपूर होते, पण पहाटे कुठे उभं राहायचं, बाटली कशी भरायची, कुणाची परवानगी घ्यायची हे सांगणारं कुणी नव्हतं. पहिल्या पावसाळ्यातले माझे जवळजवळ सगळे नमुने वाया गेले. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. एमएस्सीचा प्रकल्प करणारे, नुकतेच पीएचडीला लागलेले आणि गावातल्या प्रदूषणाचा अभ्यास करू पाहणारे, सगळ्यांना उपयोगी पडावं.

१. आधी आकड्यांची भाषा

मिथेनच्या रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन. निसर्गातल्या कार्बनच्या सुमारे ९८.९ टक्के अणूंचं वजन १२, उरलेल्या १.१ टक्क्याचं १३. एकाच मूलद्रव्याचे असे वेगळ्या वजनाचे अणू म्हणजे समस्थानिक. दोन्ही स्थिर, म्हणजे किरणोत्सार न करणारे. सूक्ष्मजीवांना हलका कार्बन वापरायला सोपा जातो, म्हणून त्यांनी तयार केलेल्या मिथेनमध्ये कार्बन-१३ कमी असतो. जमिनीत खोल उष्णतेने तयार झालेल्या वायूत तो त्यामानाने जास्त, आणि पालापाचोळा जळून निघालेल्या मिथेनमध्ये आणखी जास्त.

हा फरक अगदी बारीक असतो, म्हणून तो टक्क्यांत न सांगता हजारात सांगतात. एका ठरलेल्या प्रमाणापेक्षा नमुना हजारी किती कमी-जास्त, तो आकडा म्हणजे डेल्टा कार्बन-१३. प्रयोगशाळेत त्याच्या एककाला 'पर मिल' म्हणतात. ढोबळ पट्टे असे:

जगाच्या हवेतला मिथेन: उणे ४७ ते उणे ४८ च्या आसपास
भाताचा पेंढा खाणारी गाय: उणे ६५ ते उणे ७०
मका, ऊस यांचा चारा खाणारी गाय: उणे ५० ते उणे ५५
भातशेत आणि गोड्या पाण्याची दलदल: उणे ६० च्या आगेमागे
कचऱ्याचा ढीग: उणे ५० ते उणे ६०
नैसर्गिक वायू: बहुधा उणे ३० ते उणे ४५
पेंढा, लाकूड जळताना: उणे २५ ते उणे ३०

हा तक्ता वहीत उतरवून घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पेंढा आणि मका दोन्ही खाणारी गाय उणे ६० वर येते, आणि शेजारचं शेतही उणे ६० वर. तक्ता बरोबर आहे, तरी उत्तर चुकतं.

२. प्रश्न लहान करा

'गोव्यातल्या मिथेनचे स्रोत' हा विषय एका माणसाला झेपणारा नाही. राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं असलं तरी त्यात खाजनं आहेत, सत्तरीचे गोठे आहेत, साळावलीसारखं धरण आहे, साळगावचा कचरा प्रकल्प आणि मडगावचा सोनसडो आहे, घरोघरी सेप्टिक टँक आहेत. एक खोरं किंवा एक गाव घ्या, आणि तिथे दोनपेक्षा जास्त स्रोत मोजायचे असतील तर आधी सहावी पायरी वाचा.

काही स्रोत सुरुवातीलाच वगळता येतात. लोहखनिजाच्या खाणीतून कोळशाच्या खाणीसारखा मिथेन निघत नाही. घरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतो, मिथेन नव्हे. तेव्हा सिलिंडरची गळती तुमच्या यादीत नको. पाइपने येणारा गॅस मात्र हवाच. दाभोळ–बेंगळुरू वाहिनीचा फाटा गोव्यात येतो.

उपग्रहाचे नकाशे बघून काम होईल असं काही जणांना वाटतं. २०१७ मध्ये सोडलेल्या उपग्रहावरचा ट्रोपोमी हा मापक मिथेन मोजतो, पण त्याचा एक ठिपका साधारण ५.५ गुणिले ७ किलोमीटरचा असतो, पावसाळ्यातल्या ढगांतून त्याला दिसत नाही, आणि त्यातून समस्थानिक कळत नाहीत. जागा निवडायला तो ठीक आहे.

३. कागदपत्रं आणि परवानग्या

संस्थेच्या शिक्क्याचं पत्र, ओळखपत्र, कामाचं एका पानाचं साध्या मराठीत वर्णन, आणि चिखलात काही कायमचं ठेवणार नाही याची लेखी हमी. या चार गोष्टी नेहमी पिशवीत असू द्या. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात जायचं तर वन खात्याची परवानगी आधी. खाजन कोमुनिदादचं, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचं, असतं किंवा कुळांचं, दोघांनाही विचारा. कचऱ्याच्या जागेवर चालवणाऱ्या यंत्रणेचं पत्र लागतं, आणि ते मिळायला सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून तो अर्ज पहिल्या दिवशीच टाका.

कागदाइतकाच महत्त्वाचा असतो मानशीवर, म्हणजे खाजनाचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या दारावर, बसणारा माणूस. पाणी कधी आत घेतलं, कधी सोडलं, दार कधी बिघडलं होतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मला एका म्हाताऱ्या काकांनी नुसत्या बोटांवर मोजून दोन महिन्यांच्या भरत्या सांगितल्या. त्या नोंदींशिवाय माझ्या आकड्यांचा अर्थच लागला नसता.

४. सामान

जाड काचेच्या, दोन तोटींच्या एक लिटरच्या बाटल्या (हवेसाठी)
१२ मिलिलिटरच्या काचेच्या नळ्या आणि ब्यूटाइल रबराची बुचं (फक्त स्रोतांच्या दाट वायूसाठी)
बॅटरीवर चालणारा पंप, हवा सुकवण्यासाठी मॅग्नेशियम परक्लोरेट भरलेली नळी
तीन तोंडांची तोटी असलेली सिरिंज, उलटं धरता येईल असं मोठं नरसाळं, बांबू
पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी, तिच्या आत छोटा पंखा, जमिनीत रोवायची कडी
पाण्याच्या नमुन्यांसाठी झिंक क्लोराइडचं द्रावण
जीपीएस, थर्मामीटर, वाऱ्याची दिशा बघायला दोरा, पेन्सिल

शाईचं पेन नको, गोव्याच्या दमटपणात सगळं पसरतं. सिलिकॉनची बुचं घेऊ नका, ती वायू धरून ठेवत नाहीत. हवेत मिथेन दर दहा लाखांत जेमतेम दोन भाग असतो, त्यामुळे १२ मिलिलिटरच्या नळीत मावणारा मिथेन मोजायला पुरत नाही. माझा पहिला पावसाळा गेला तो यातच: शंभराहून जास्त नळ्या भरल्या, निगुतीने चिठ्ठ्या लावल्या, आणि प्रयोगशाळेने सांगितलं की यात मोजण्याइतका मिथेनच नाही. त्यांनी आधी सांगायला हवं होतं, पण मीही विचारायला हवं होतं. 'तुमच्या यंत्राला किती हवा लागते?' हा प्रश्न पहिल्या फोनवरच विचारा.

मॅग्नेशियम परक्लोरेट जोरदार ऑक्सिडीकारक आहे. तेल, कागद, कापूस यांपासून लांब ठेवा. पाण्यातले जंतू मारायला मर्क्युरिक क्लोराइड वापरायची जुनी पद्धत आहे, पण ते जबर विष आहे. खाजनातल्या मासळीवर लोक जगतात. ते तिथे नेऊच नका.

५. पार्श्वभूमीची हवा

हवेत आधीपासून असलेला मिथेन वजा केल्याशिवाय स्थानिक भर दिसत नाही. यासाठी गोव्याचं नाव जगाच्या नकाशावर आधीच आहे. काणकोण तालुक्यातल्या काब द रामच्या भूशिरावर १९९३ ते २००२ या काळात अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही संशोधन संस्था यांच्यासाठी काचेच्या बाटल्यांत हवा भरली जात असे आणि तिच्यातले वायू मोजले जात. त्या किल्ल्याच्या टोकावर उभं राहिलं की का ते कळतं. समोर नुसता समुद्र, पाठीमागे वस्ती विरळ.

ऋतू बदलला की पार्श्वभूमीही बदलते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, विषुववृत्तापलीकडून आलेली हवा असते आणि तिच्यात मिथेन कमी असतो. हिवाळ्यात वारा देशाच्या आतून येतो आणि तोच आकडा चढतो. जूनची पार्श्वभूमी डिसेंबरच्या नमुन्याला लावली तर वजाबाकीच चुकते. म्हणून प्रत्येक फेरीच्या वेळी, त्याच आठवड्यात, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात समुद्राकडे तोंड करून निदान तीन बाटल्या भरा. हवा कुठून आली हे हायस्प्लिटवर, म्हणजे हवेची वाट काढून देणाऱ्या संगणक प्रणालीवर, मागे जाऊन तपासा, ते फुकट आहे.

६. स्रोतांच्या स्वाक्षऱ्या गोव्यातच मोजा

स्वाक्षरी म्हणजे त्या स्रोताच्या मिथेनचा स्वतःचा डेल्टा. या पायरीवर अर्धं वर्ष घालवलं तरी चालेल. परदेशी निबंधातली स्वाक्षरी इथे चालत नाही, आणि का चालत नाही ते एकेक स्रोत घेऊन सांगते.

खाजन. उन्हाळ्यात इथे खारं पाणी असतं. खाऱ्या पाण्यात सल्फेट असतं, आणि सल्फेट वापरणारे जंतू मिथेन करणाऱ्या जंतूंचा घास पळवतात. मिथेन पूर्ण थांबत नाही; कारण मिथाइल गट असलेली काही संयुगं सल्फेटवाल्या जंतूंच्या कामाची नसतात आणि ती मिथेनवाल्यांना मिळतात. जूनमध्ये पाऊस लागला, मानशीचं दार लावलं, पाणी गोडं झालं आणि कोरगूट या खाजनातल्या भाताची लावणी झाली की चित्र पालटतं. एकच जागा, दोन ऋतू, दोन स्वाक्षऱ्या. दोन्ही मोजा, आणि प्रत्येक वेळी पाण्याची क्षारता लिहून ठेवा.

बुडबुडे गोळा करायचे असे: पाण्याने भरलेली बाटली उलटी करून नरसाळ्याच्या टोकावर बसवायची, नरसाळं पाण्याखाली धरायचं, बांबूने गाळ हळूच दाबायचा. वायू वर चढतो, पाणी खाली उतरतं. बाटलीचं बूच पाण्याखालीच लावायचं आणि बाटली प्रयोगशाळेपर्यंत उलटीच न्यायची. हवेचा एक बुडबुडाही आत जाता कामा नये.

शेत. बुडबुडे म्हणजे शेताचा मिथेन नव्हे. भाताच्या शेतातून बराचसा मिथेन रोपाच्या पोकळ देठांतून वर येतो, आणि त्या वाटेने हलके रेणू लवकर निघतात. शिवाय मुळांजवळ मिथेन खाणारे जंतू असतात. तेही हलका आधी खातात, मागे जड उरतो. म्हणून शेतात पेटीच वापरा. कडी आदल्या दिवशी रोवून ठेवा, त्याच वेळी रोवली तर गाळातला वायू उसळतो. पेटी ठेवल्यावर ०, १०, २० आणि ३० मिनिटांनी नमुना घ्या. आपल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर. लोह वापरणारे जंतूही मिथेनवाल्यांशी स्पर्धा करतात. शेत पाण्याखाली गेल्या गेल्या मिथेन सापडला नाही तर घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांनी परत जा. सरद (पावसाळी) आणि वायंगण (हिवाळी), भाताचे दोन्ही हंगाम घ्या.

गोठा. आधी चारा विचारा. भात ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतो तिला सी-३ म्हणतात. मका, ऊस आणि उष्ण कटिबंधातली बरीच गवतं सी-४. गाय काय खाते त्यावर तिच्या मिथेनचा आकडा दहा-पंधरा पर मिलने हलतो. पावसाळ्यात सड्यावर चरणारी गाय आणि मे महिन्यात पेंढ्यावर असलेली तीच गाय, आकडा सारखा येणार नाही. पहाटे दार उघडायच्या आधी गोठ्यातली हवा भरा. शेजारी शेणाची खाच किंवा गोबरगॅस असेल तर त्याचा नमुना वेगळा घ्या, शेणाचा मिथेन गाईच्या ढेकरेपेक्षा जड निघतो.

कचरा. ढिगाच्या पोटातून येणारा आणि वरच्या मातीतून झिरपणारा मिथेन यांत फरक असतो, कारण मातीतले जंतू वाटेत थोडा खातात आणि उरलेला जड होतो. ढिगाच्या वाऱ्याखाली चालत जाऊन घेतलेले नमुने खरे, नळीतून ओढलेले नुसते संदर्भासाठी.

पाइपचा गॅस. ज्यांच्या घरी जोडणी आहे अशा ओळखीच्या घरातून, बर्नर बंद ठेवून आणि खिडक्या उघड्या ठेवून, गॅस कंपनीच्या तंत्रज्ञाच्या समोर एक नळी भरा. यात इथेनही बहुधा असतो. खाजन, गाय, कचरा यांच्या मिथेनसोबत तो जवळजवळ नसतो. म्हणून हवेत इथेन वाढलेला दिसला तर पाइपाकडे बघा.

एका समस्थानिकावरून गणिताने दोनच स्रोत वेगळे करता येतात. तीन करायचे तर दुसरी खूण हवी, आणि ती म्हणजे हायड्रोजनचा समस्थानिक ड्युटेरियम. जंतूंनी मिथेन खाल्ला असेल तर कार्बनचा आकडा थोडा सरकतो आणि हायड्रोजनचा कितीतरी जास्त, म्हणून 'स्रोत वेगळा' आणि 'वाटेत खाल्ला गेला' यांतला फरक त्यावरून कळतो. पैसे कमी असतील तर सगळ्या नमुन्यांचा कार्बन मोजा आणि निवडक पंधरा-वीसांचा हायड्रोजन.

७. पहाटेची हवा

दिवसा खारे वारे सुटले की सगळं ढवळून निघतं. रात्री मतलई वारा मंद, आकाश निरभ्र, हवेचा थर जमिनीलगत दबलेला; गावाचा मिथेन गावातच साठतो. रात्री दहापासून सूर्य वर येईपर्यंत दर दोन तासांनी बाटली भरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यासाठी उत्तम.

बाटली भरताना श्वास वाऱ्याच्या खालच्या अंगाला सोडा, मोटरसायकल बंद करून लांब लावा, बाटलीच्या दहापट हवा आधी आरपार जाऊ द्या. वेळ, वारा, आसपास जळतंय का, कुठली बोट गेली का, सगळं लिहा. शेजारी कुणी माडाची झावळं पेटवली असतील तर नमुना फेकू नका, शेरा मारून ठेवा. जळण कळण्यासाठी त्याच बाटलीतला कार्बन मोनॉक्साइड उपयोगी पडतो.

८. यंत्र

दोन वाटा आहेत. आयआरएमएस, म्हणजे वस्तुमान मोजणारं यंत्र, अचूक. पण त्याच्या आधी मिथेन हवेतून वेगळा करून जाळायची जोडणी लागते. 'आमच्याकडे आयआरएमएस आहे' याचा अर्थ 'आम्ही हवेतला मिथेन मोजतो' असा होत नाही. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हेडलँड सड्यावरचं ध्रुवीय संशोधन केंद्र, विद्यापीठ, कुठेही विचारताना हा प्रश्न नेमका विचारा. दुसरी वाट लेसरच्या यंत्राची, जे शेताच्या कडेला नेऊन सलग मोजता येतं. त्याला पाण्याची वाफ आणि इथेन फसवतात, म्हणून हवा सुकवून द्या. खाजनाचा वायू आधी तांब्याचा कीस भरलेल्या नळीतून काढा, नाहीतर हायड्रोजन सल्फाइड आत जातं.

एक हलका आणि एक जड असे दोन प्रमाणवायू (ज्यांचा डेल्टा आधीच माहीत आहे असे) रोज, नमुन्यांच्या आधी, मध्ये आणि नंतर चालवा. वेगवेगळ्या नामांकित प्रयोगशाळांच्या आकड्यांतही अर्धा पर मिलपर्यंत फरक निघालेला आहे. म्हणून अर्धे नमुने एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे पाठवू नका. पाठवावेच लागले तर निदान पाच सामाईक ठेवा.

९. गणित

उदाहरणासाठी आकडे धरू. पार्श्वभूमीला मिथेन १,९५० पीपीबी (अब्जात इतके भाग), डेल्टा उणे ४७.५. पहाटे गावात २,४०० पीपीबी, डेल्टा उणे ४९.८. मिथेन गुणिले डेल्टा, गावाचा वजा पार्श्वभूमीचा, भागिले ४५० पीपीबीची वाढ. उत्तर उणे ५९.८. ही जास्तीच्या मिथेनची सरासरी स्वाक्षरी.

आता गावच्या मोजणीत अर्ध्या पर मिलची चूक आहे असं धरा. उत्तर जवळजवळ २.७ पर मिलने सरकतं. आणि वाढ ४५० ऐवजी फक्त ५० पीपीबी असती तर? तीच चूक उत्तराला २० पर मिलने हलवते, म्हणजे गाय की गॅस हेही सांगता येत नाही. गावातले दुपारचे नमुने निरुपयोगी का, ते या एका हिशोबात आहे.

दोनच नमुन्यांवर थांबू नका. एका रात्रीचे सगळे नमुने घेऊन आडव्या अक्षावर एक भागिले मिथेन आणि उभ्या अक्षावर डेल्टा मांडा. रेष उभ्या अक्षाला जिथे छेदते ती स्वाक्षरी. हा कीलिंगचा आलेख. रात्रभर पार्श्वभूमी स्थिर राहिली असेल तरच तो चालतो. ती बदलत असेल आणि तुम्ही मोजली असेल तर २००३ मध्ये मिलर आणि टान्स यांनी मांडलेला आलेख वापरा. बिंदू सरळ रेषेत बसले नाहीत तर रेष ओढायचा हट्ट नको. त्या रात्री वारा फिरला आणि दुसरा स्रोत आला, एवढाच त्याचा अर्थ असतो. पाइपच्या गॅसची स्वाक्षरी उणे ४४ च्या जवळ निघाली तर आणखी जपा: ती हवेच्या आकड्याला इतकी लागून आहे की गळती मोठी असूनही डेल्टा फारसा हलत नाही.

१०. निष्कर्ष लिहिताना

'पहाटेची वाढ सूक्ष्मजीवांनी केलेल्या मिथेनची आहे' हे बहुतेक वेळा ठामपणे लिहिता येतं. 'त्यातला एवढा टक्का खाजनाचा' हे लिहायला स्थानिक स्वाक्षऱ्या, हायड्रोजन आणि वाऱ्याची दिशा, तिन्ही हातात हवं. टक्केवारी दिलीत तर चूक किती असू शकते तो पल्लाही द्या. आणि 'खाजन मिथेन सोडतं' हे वाक्य एकटं सोडू नका. बांध टिकला, मानस चालू राहिली, खारं पाणी वेळेवर आत-बाहेर झालं तर मिथेन कमी राहतो. बांध फुटला की सगळं गणित बदलतं. तुमचं अर्धं वाक्य खाजन बुजवायला निघालेल्या माणसाच्या हाती पडू शकतं.

निकाल आला की मानशीवरच्या काकांना, गोठ्याच्या मालकिणीला, जिच्या स्वयंपाकघरातून नळी भरली तिला, मराठीत एका पानावर लिहून नेऊन द्या. पावसाआधी, दार लावायच्या दिवसांत गेलात तर पुढच्या वर्षीच्या नोंदी ठेवायला ते स्वतःहून वही मागतात.